कोनाड्यातला गोगलमासा

मी प्राणिशास्त्र शिकवते आणि मला मासळीचा वास सहन होत नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी कुठे कुठे पदर नाकाला लावला ते पुन्हा पुन्हा सांगायला नको. आमच्या नगरकडच्या बेलापुरात बाजाराच्या दिवशी मासेवाल्या बसतात त्या बाजूने मी जातच नाही, लांबून वळसा घालते. अशी मी, दिवाळीच्या सुट्टीत शहाणी माणसं माहेरी जातात तेव्हा, एक मेलेला मासा आणायला पाथर्डी तालुक्यात गेले. तोही समुद्राचा. समुद्र राहू द्या, तिथे प्यायचं पाणी टँकरने येतं.

त्याचं झालं असं. गणेश नावाचा माझा एक जुना विद्यार्थी आहे. त्याचे आईवडील तिसगावच्या पलीकडचे, दरवर्षी ऊसतोडीला आमच्या भागात यायचे. पोरगं हुशार म्हणून त्यांनी त्याला इकडेच वसतिगृहात ठेवलं. अकरावीच्या वर्गात मी एकदा गोगलमाशाबद्दल सांगितलं होतं. इंग्रजीत स्नेलफिश. मराठीत त्याला नावच नाही, कारण आपल्याकडे तो दिसायचा संबंध नाही. गोगलमासा हे मी आपलं वर्गापुरतं ठेवलेलं. उत्तरेच्या गार समुद्रात, जिथे ऊन पोचत नाही इतक्या खोल राहतो. अंगाला खवलं नाहीत. नुसता खिरीसारखा लिबलिबीत, गुलाबी. त्यातल्या काही जाती आपली अंडी जिवंत खेकड्याच्या कवचाखाली, त्याच्या कल्ल्यांच्या पोकळीत घालून निघून जातात. यावर वर्ग हसला होता आणि गणेश सगळ्यात जास्त हसला होता.

हाच गणेश पुढे जहाजाच्या इंजिनावर लागला, आणि फिरत फिरत खेकडे धरणाऱ्या एका जहाजावर गेला, पार उत्तरेकडच्या बेरिंगच्या समुद्रात. श्रावणात सुट्टीवर आला तेव्हा त्याचा फोन आला. "मॅडम, खेकड्याच्या पिंजऱ्यात तुमचा मासा घावला. लोणच्याच्या बरणीत स्पिरिट घालून आणलाय. घरी ठेवतो, सवडीनं न्या." विमानात त्याला कुणी कसं सोडलं हे त्याचं त्यालाच ठाऊक. फोटोही पाठवला: तळहातावर बरणी आणि बरणीत चार बोटांएवढा मासा. मी हरखून गेले. आमच्या कॉलेजच्या कपाटात साप आहेत, विंचू आहेत, दोन डोक्यांचं एक करडूही आहे. पण असला मासा नगर जिल्ह्यात कुणाकडे असणार? परीक्षा, पेपर यांत जायचं राहिलं. दिवाळीच्या तोंडावर त्याचा पुन्हा फोन आला, या वेळी जहाजावरून, तुटक तुटक. "मॅडम, लवकर न्या. घरी काहीतरी वेगळंच चाललंय. आई घरात झोपत न्हाई." काय चाललंय म्हणून विचारलं तर फोन कट. त्यानंतर लागलाच नाही.

बेलापूर, नगर, तिसगाव

प्रवासाचं फार सांगण्यासारखं नाही. फक्त एक फजिती सांगते. बरणीतलं स्पिरिट कमी झालं असेल तर भर घालावी म्हणून मी एक बाटलीभर स्पिरिट पिशवीत घेतलं होतं, आणि नगरच्या अलीकडे बाटलीचं झाकण ढिलं झालं. सगळ्या गाडीत वास. कंडक्टर आला, मागच्या दोन पोरांना दम भरला, आणि मग वास हुंगत हुंगत माझ्यापर्यंत पोचला. माझ्या पांढऱ्या केसांकडे आणि पिशवीकडे आळीपाळीने बघत राहिला. मी म्हटलं, "अहो, मास्तरीण आहे मी, हे माशासाठी आहे." हे ऐकून तो आणखीच घाबरला आणि उरलेल्या वाटेत माझ्याकडे फिरकला नाही.

नगर स्टँडवर पाटी अहिल्यानगरची, पण हाका मारणारे अजून नगर, नगरच ओरडतात. तिथून पाथर्डीची गाडी. करंजीचा घाट उतरला की मुलूख बदलतो. आमच्याकडे दोन्ही बाजूंनी ऊस, कॅनॉल, ओलावा. इथे उघडे डोंगर, बाभळी, काढून झालेली बाजरी. वाटेत जागोजागी ट्रक आणि ट्रॅक्टर उभे, त्यांत कोंबड्या, पत्रे, चुली, खाटा, वर माणसं. तोडीचा हंगाम लागला होता. ही माणसं उतरतात आमच्याकडे. आयुष्यभर त्यांना उतरताना पाहिलं, चढताना पहिल्यांदाच पाहिलं.

तिसगावात बाजार होता. पेरू घेतले, चहा घेतला आणि वस्तीकडे जाणारी काळी-पिवळी शोधली. जीपमध्ये सगळ्या बायका. ड्रायव्हरने विचारलं, "कोनाकडं?" मी म्हटलं, गणेशच्या घरी, तो जहाजावर असतो ना, त्याच्या.

जीपमधलं बोलणं थांबलं. म्हणजे अगदी नळ बंद करावा तसं. मग बायका सरकल्या आणि मला मधली, धक्के न बसणारी जागा दिली. माझ्या शेजारच्या बाईने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. तरणीताठी होती, गळ्यात काळी पोत, हातात एक छोटी पुडी. ती हळूच म्हणाली, "किती मयन्याचं हुतं?"

मला काही कळेना. "काय किती महिन्यांचं?"

तिने नुसती मान हलवली, जणू माझं दुखणं तिला समजलं. हात मात्र उतरेपर्यंत गुडघ्यावरच ठेवला. ड्रायव्हरने माझ्याकडून भाडं घेतलं नाही. त्या जीपमध्ये, भर दुपारच्या उन्हात, माझ्या अंगावर काटा आला, आणि का आला ते मला सांगता येत नव्हतं.

वस्तीवर

माळावर सात-आठ घरं. गणेशचं घर शेवटचं, पत्र्याचं, दोन खोल्यांचं. दारासमोर ट्रॅक्टरची ट्रॉली उभी होती. गणेशचा थोरला भाऊ दत्तू तिच्यात पत्रे रचत होता. दुसऱ्या दिवशी दुपारी तो आणि त्याची बायको सुनंदा तोडीला निघणार होते. तोडीत नवरा-बायकोची जोडी धरतात, जोडीला 'कोयता' म्हणतात. एकट्याला कुणी विचारत नाही. दत्तूने मला पाहून हात जोडले आणि पत्र्यांकडे वळला. मोठा अबोल माणूस.

गणेशची आई कौसाबाई अंगणात चुलीपाशी, घराकडे पाठ करून बसली होती. बाजूला खाट, खाटेवर वाकळ, दोरीवर तिची लुगडी. सगळा संसारच बाहेर मांडलेला.

"तुमी आल्या ते बेस झालं, बाई," ती म्हणाली. "न्या ते. आत्ताच्या आत्ता न्या. मी श्रावनापासनं घरात पाय ठिवला न्हाई."

"अहो, मासा आहे तो," मी म्हटलं.

"मासा?" तिने भाकरी उलटली. "मासा मेल्यावर वाढतो का?"

मी आत गेले. उन्हातून आल्यामुळे आधी काही दिसेना. मग भिंतीला टेकून बसलेल्या बायका दिसल्या, पाच-सहा. जीपमधली बाईही त्यांत जाऊन बसली. कुणी बोलत नव्हतं, कुणी रडतही नव्हतं. एस.टी.ची वाट बघत बसावं तशा बसलेल्या. समोर देवाचा कोनाडा. त्यात खंडोबाचा टाक, एक पणती, आणि बरणी. बरणीच्या झाकणावर लाल टोपडं चढवलेलं. गळ्याला काळा दोरा, त्यात काळे-पांढरे मणी. पुढ्यात झबली, वाळे, काजळाची डबी, खुळखुळा. जीपमधल्या बाईने पुडी सोडून त्यात आणखी एक झबलं ठेवलं, इवलंसं, हाताने शिवलेलं.

आता खरं सांगते. मी तीस वर्षं बरण्यांतली जनावरं हाताळत आलेय. पण त्या कोनाड्याजवळ जायला माझे पाय उचलेनात. मोठं वाटोळं डोकं, दोन काळे ठिपक्यांसारखे डोळे, खाली निमुळतं होत गेलेलं पांढुरकं अंग, छातीपाशी हातांसारखे दुमडलेले कल्ल्यांमागचे पर. ज्यांनी उभ्या जन्मात समुद्र पाहिला नाही आणि दिवस भरण्याआधी पडलेलं लेकरू पाहिलं आहे, त्यांना हे काय वाटेल? मलाच क्षणभर तेच वाटलं. आणि कौसाबाई खोटं बोलत नव्हती. फोटोत चार बोटांएवढा होता तो मासा आता सहा बोटांएवढा झाला होता.

मी बरणीकडे वाकले. आतलं पाणी थरथरलं आणि तो हळूहळू वळला. तिरका होता, आता तोंड सरळ माझ्याकडे झालं. मी झटकन मागे सरले आणि कुणाच्या तरी पायावर पाय दिला. बाहेर दत्तूने ट्रॅक्टर चालू करून बघितला होता, त्याने भिंत हादरत होती, एवढंच. हे समजायला मला जेवढा वेळ लागला, तेवढा वेळ मी देवाचं नाव घेत होते.

"भेता का मॅडम?" सुनंदा म्हणाली. ती आतल्या खोलीच्या दारात उभी होती. पंचविशीची असेल. सडपातळ, हाताला कोयत्याचे घट्टे. आवाजात ना राग, ना लाज. "भिऊ नका. त्ये काय करीत न्हाई."

चमच्याचं पाणी

बायका उन्हं कलताना गेल्या. जाताना प्रत्येकीने बरणीला हात लावून कानशिलावर बोटं मोडली. कौसाबाईने मला अंगणात जेवायला वाढलं: बाजरीची भाकरी, हुलग्याची शेंगोळी, शेंगदाण्याचा ठेचा. असलं शेंगोळं मी आजवर खाल्लं नाही. आमच्याकडे हुलगा बैलांना घालतात आणि आम्ही मूर्ख आहोत. तिने सांगितलं की तलावाचे मासे घेऊन सायकलवर एक जण यायचा, त्याला वस्तीने वाटेवरूनच परत लावला. श्रावणापासून कुणाच्या चुलीवर मासळी शिजली नाही. मला तेवढंच बरं वाटलं.

जेवण झाल्यावर मी सुनंदाजवळ ओट्यावर बसले. ती ज्वारी पाखडत होती. मी विचार करून करून वाक्यं जुळवली होती, समजूत घालायची म्हणून. पण तीच आधी म्हणाली, "मासाच हाय त्यो. गनेशभावजींनी आल्या आल्या सांगितलं. मी याडी न्हाई, मॅडम."

"मग हे टोपडं, वाळे?"

"ते बायांनी आनलं. एकीनं बघितलं, तिनं दुसरीला सांगितलं. मी नगं म्हनले न्हाई." सूप थांबलं. "माजं पाचव्या मयन्यात ग्येलं. फडातच. मोळ्या वाहत हुते. उसाच्या सरीत पुरलं आन दुसऱ्या दिशी पुन्यांदा फडात. पाय भुईला न लागलेल्या लेकराचं दहावं नसतं, सुतक नसतं, कायच नसतं. घरी आले तर कुनी विचारलंबी न्हाई. ह्या बाया आल्या तवा पयल्यांदा कुनी विचारलं, किती मयन्याचं हुतं."

मला जीपमधला तो हात आठवला.

"कुठे झालं हे?" मी विचारलं.

"तुमच्याकडंच की. बेलापूरच्या अलीकडं, कॅनॉलच्या कडंला. बांधावर वाकडी बाभळ हुती." तिने माझ्याकडे पाहिलं. "म्हनून तर तुमाला येऊ दिलं. ती बाभळ हाय का अजून?"

मी रोज त्या कॅनॉलवरून कॉलेजला जाते. हिवाळ्यात तिथे यांच्या खोपी उभ्या असतात, धूर दिसतो, कुत्री भुंकतात. मी कधी थांबले नाही. कुठली बाभळ आणि कुठला बांध, मला एक आठवेना. खोटं बोलावंसं फार वाटलं. "माहीत नाही गं," मी म्हटलं. "मी कधी नीट बघितलंच नाही. तिथे पुन्हा ऊसच लागला असेल."

"लागनारच," ती म्हणाली आणि पाखडायला लागली.

मग मी तिला माशाच्या वाढण्याबद्दल विचारलं. तेव्हा कळलं. बरणीचं झाकण एकदा उघडलं तेव्हा दारूचा वास आला म्हणून ती दचकली होती. लेकराला कुणी दारूत ठेवतं का? म्हणून ती रोज सकाळी एक चमचा ते काढायची आणि एक चमचा पाणी घालायची. टँकरचं, उकळून गार केलेलं. एकदम बदललं तर सोसणार नाही, म्हणून हळूहळू. श्रावणापासून एकही दिवस चुकला नव्हता. आता बरणीत स्पिरिट जवळजवळ उरलंच नव्हतं. या माशाचं अंगच मुळात पाण्याने भरलेलं, मऊ. ते आणखी पाणी पिऊन फुगलं होतं. वाढत नव्हता तो. कुजायला लागला होता.

मी हे तिला सांगितलं. जेवढ्या हळू सांगता येईल तेवढ्या हळू. ती उठली, आत गेली आणि बरणी घेऊन बाहेर आली. कौसाबाई खाटेवरून ताडकन उठून गोठ्याकडे निघून गेली. सुनंदाने बरणी माझ्या मांडीवर दिली. चांगली जड होती.

"ह्यो बाप्या का बाई?"

मी मोबाईलचा उजेड लावला. गळ्याखाली या माशांना असते ती चकती होती, शर्टाच्या बटणाएवढी. तिने तो दगडाला चिकटून राहतो. पोटाची कातडी इतकी पातळ झाली होती की आतलं दिसत होतं. फिकट पिवळे दाणे, साबुदाण्याहून मोठे, मोजकेच.

"मादी आहे," मी म्हटलं. "पोटात अंडी आहेत." मग वर्गात सांगते तसं खेकड्याचं सांगितलं. खोल अंधारात ती चालत्या खेकड्याच्या कवचाखाली अंडी घालते. खेकडा त्यांना घेऊन फिरतो, त्याच्या श्वासाच्या पाण्यावर ती वाढतात. त्याला पत्ताही नसतो.

"आन ही?"

"ही निघून जाते."

"मागारी येती का बघाया, जगली का मेली?"

"नाही येत."

या वेळी कुणी हसलं नाही. सुनंदाने बरणीवरचं टोपडं नीट केलं. "सांगनारं कुनी नसंल तिला," ती म्हणाली. "कुठल्या खेकड्यात ठिवलं त्येबी याद ऱ्हात नसंल, अंधारात." बराच वेळ ती बरणी माझ्या मांडीवर होती आणि तिचा हात बरणीवर. मला ते वजन सहन होईना, पण उतरवून ठेवायचाही धीर झाला नाही.

शेवटी मी विषय काढला. माझ्याकडे स्पिरिट आहे, अजून वेळ गेलेली नाही, सकाळी बदललं तर टिकेल. मी कॉलेजच्या कपाटात नीट ठेवीन. "तू तोडीला तिकडेच येतेस. कधीही ये बघायला."

"सकाळी सांगते," ती म्हणाली आणि बरणी आत घेऊन गेली.

माती

मी अंगणातच झोपले, कौसाबाईच्या बाजूला. झोप कसली. उजाडताना आतून सुनंदाची हाक आली. ओरडली नाही, नुसती हाक मारली. मी गेले. मासा वर आला होता. रात्रीत पोटात वायू धरला होता आणि सबंध अंग पाण्यावर तरंगून झाकणाला टेकलं होतं. तोंड काचेला दाबलेलं, किंचित उघडं. टोपडं खाली पडलं होतं. झाकण आतून उचलल्यासारखं एका बाजूने वर आलेलं, आणि वास. मी पदर नाकाला लावला. मग सुनंदाने काहीच लावलेलं नाही हे पाहिलं आणि पदर सोडला.

ती माझ्याकडे बघत होती. "ह्याला वाचवता येतं का?"

"वाचवायला ती जिवंत नाही सुनंदा. टिकवता येईल. अजूनही."

"दारूत?"

"हो. स्पिरिटमध्ये."

"किती दिस?"

"पुष्कळ वर्षं. आपण जाऊ, तरी ती राहील."

ती कोनाड्यापुढे बसली. झबली एकावर एक रचली. नंतर म्हणाली, "मग नगं. तिला कशापाई इतकं ताटकळत ठिवायचं?"

माझा जीव चुटपुटला, लपवत नाही. असला मासा मला पुन्हा कुठून मिळणार? माझी पिशवी, माझी बाटली, सगळी तयारी तिथेच होती. तोंडाशी आलं होतं की हा मासा गणेशने माझ्यासाठी आणला होता. मी ते गिळलं आणि विचारलं, "मी काय करू?"

"खड्डा किती खोल लागंल ते सांगा. कुत्रं उकरंल."

दत्तूने खड्डा खणला. घरामागच्या बांधावर, बोरीच्या झाडाखाली, कमरेइतका. का खणायचा हे त्याने बायकोला विचारलं नाही. कोयत्यांना धार लावायचं काम टाकून आला आणि खणू लागला. निघायची वेळ झाली होती, मुकादमाचे फोन येत होते, त्याने फोन बंद करून ट्रॉलीत टाकला. कुणी कुणाला निरोप दिला कळलं नाही, पण बायका आल्या. कालच्या आल्या, जीपमधली आली, आणखीही कितीतरी, पलीकडच्या वस्त्यांवरून, उन्हातून, एकामागे एक. त्या बांधावर गोलाकार उभ्या राहिल्या. ऐन दुपार, वारा पडलेला. इतकी माणसं आणि एक शब्द नाही. मला पळून जावंसं वाटत होतं.

मी बरणी उलटी केली. ती मासोळी चिंचेच्या गरासारखी घसरत खड्ड्यात पसरलेल्या मिठावर उतरली आणि बाहेरच्या हवेत तिचा आकारच गेला. डोकं, शेपूट, काही ओळखू येईना. सुनंदाने वर मीठ घातलं, कडुलिंबाचा पाला घातला, झबली घातली. मग मूठभर माती घेतली आणि खड्ड्यावर हात धरून राहिली.

"दुर्गा," ती म्हणाली. माती सोडली.

एवढंच. दत्तूने फावडं मातीत रोवलं. ते नाव त्यानेही पहिल्यांदाच ऐकलं असावं, कारण त्याने तिच्याकडे पाहिलं आणि मग स्वतःच्या हातांकडे.

पुढे झाली जीपमधली बाई. मूठ माती, आणि "ओम." तिच्यामागची म्हातारी, "सखू." कुणी सांगितलं नव्हतं, ठरलं नव्हतं. एकेक बाई यायची, माती टाकायची, नाव घ्यायची आणि बाजूला व्हायची. काहींनी दोन नावं घेतली. एक जण नाव न घेता नुसती उभी राहिली आणि माती टाकून गेली. जन्माला न आलेल्या लेकरांची नावं, कधी कुणी हाक न मारलेली, त्या उन्हात एकेक करून ऐकू येत होती, आणि मला खरोखर असं वाटलं की आता कुठून तरी 'ओ' येईल. इतकी भीती मला त्या बरणीचीही वाटली नव्हती.

खड्ड्याचा तळ झाकला गेला तेव्हा बायका मागे वळून बघू लागल्या. कौसाबाई येत होती. चुलीपुढून उठून तशीच, हात पिठाने भरलेले. जी बाई श्रावणापासून घरात शिरली नव्हती, ती सरळ खड्ड्यापाशी आली, वाकली आणि माती उचलली.

"चंद्रकला," ती म्हणाली.

पुन्हा वाकली. "हौसा."

तिसऱ्यांदा वाकताना तिचा तोल गेला, सुनंदाने दंडाला धरलं. कौसाबाईने तो हात झटकला नाही. "आन ह्यो इठ्ठल."

आठवावी लागली नाहीत तिला. एका दमात, वयाच्या क्रमाने घ्यावीत तशी घेतली. दत्तू फावड्यावर हात ठेवून आईकडे बघत होता. तिशी उलटलेला माणूस, पण आवाज पोरासारखा निघाला.

"आये, ही चंद्रकला कोन?"

"तुज्या आधीची," कौसाबाई म्हणाली आणि हात लुगड्याला पुसले. "ढकल ती उरल्याली माती. पिठाचा डबा ट्रॉलीत चढवायचा ऱ्हायलाय."